थापकोश: बोलीतल्या शब्दांना खोटे अर्थ देण्याचा खेळ नीट कसा खेळायचा

खेळ सोपा वाटतो. एकाने (तो त्या फेरीचा सूत्रधार) कुठल्या तरी बोलीतला अनोळखी शब्द सांगायचा आणि त्याचा खरा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा, बाकीच्यांनी त्याचा खोटा पण पटेल असा अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. मग खरा आणि खोटे असे सगळे अर्थ मिसळून वाचायचे आणि खरा कोणता ते ओळखायचे. आमच्या घरी याला ‘थापकोश’ म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरतो.

पण ज्यांना ज्यांना हा खेळ सांगितला, त्यांतल्या बहुतेकांची पहिली बैठक फसली. तक्रार नेहमी एकच: ‘खरा अर्थ लगेच ओळखू येतो, मजाच येत नाही.’ दोष कल्पनाशक्तीवर जातो, पण तो तिथे नसतो. शब्द चुकीचा निवडलेला असतो, नाहीतर खरा अर्थ लिहिण्यात आणि वाचण्यात गडबड झालेली असते. म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच तो हातचा गेलेला असतो. म्हणून तयारीवर जास्त लिहिले आहे, प्रत्यक्ष खेळण्यावर कमी.

लागणारे सामान: ५ ते ८ माणसे, एकाच वहीची पाने, सगळ्यांना सारखी पेनं, एक वाडगा आणि, सहा जण असतील तर, सव्वा तास. चार माणसांत खेळ रंगत नाही. आठाच्या पुढे चिठ्ठ्या इतक्या होतात की वाचेपर्यंत पहिली विसरलेली असते.

१. शब्द गोळा करणे (निदान आठवडाभर आधी)

शब्द आयत्या वेळी शोधू नका. ऐन बैठकीत मोबाइलवर शोधलेला शब्द शेजारच्याला दिसतो, आणि त्याचा अर्थ पडताळायला वेळही उरत नाही.

पहिला मार्ग माणसांचा. आजीला, गावाकडच्या काकूंना, इमारतीतल्या शेजाऱ्यांना विचारा. पण ‘तुमच्याकडचा एखादा वेगळा शब्द सांगा’ असे विचारू नका. त्यावर कोणालाही काही सुचत नाही. फार तर जो शब्द सगळ्यांना आधीच ठाऊक असतो तोच मिळतो. वस्तू धरून विचारा. घरामागच्या जागेला काय म्हणता? भाताच्या रोपांना? दोन शेतांमधल्या बांधाला? जुन्या लुगड्यांच्या गोधडीला? कोथिंबिरीला? पाऊस सुरू होण्याच्या दिवसांना? अशा प्रश्नांवर माणूस विचार न करता आपला शब्द बोलून जातो. तोच हवा असतो.

दुसरा मार्ग कोशांचा. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (७ खंड, १९३२ ते १९३८) या खेळासाठी खजिना आहे, कारण प्रादेशिक शब्दापुढे कंसात खूण असते: (गो.) म्हणजे गोमंतकी, (कों.) कोकणी भागातला, (व.) वऱ्हाडी, (खा.) खानदेशी, (ना.) नागपुरी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्तीही उपयोगी आहे. दोन्ही इंटरनेटवर मोफत शोधता येतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे जे सर्वेक्षण केले आहे, त्यात एकाच वस्तूला वेगवेगळ्या जिल्ह्यांत काय म्हणतात ते नकाशावर दाखवले आहे. तेही चाळा.

कोशात सापडलेला शब्द शक्यतो त्या भागातल्या माणसाला विचारून घ्या. शंभर-दीडशे वर्षांत अर्थ सरकतात. आणि वहीत शब्दासोबत ठिकाण लिहा. नुसते ‘कोकण’ पुरत नाही, कारण दक्षिण रत्नागिरीचा शब्द पालघरला चालेलच असे नाही.

तपासणी: प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहिलेल्या आहेत का? अर्थ, लिंग, ठिकाण, कोणाकडून किंवा कुठून मिळाला. एक जरी नसली तरी तो शब्द या वेळी बाजूला ठेवा.

२. शब्द चाळणे

तीस शब्द गोळा केले तर बारा उरतील. तेवढे पुरतात.

आधी हे पाहा की शब्द खरोखर वेगळा आहे की फक्त उच्चार वेगळा. वऱ्हाडीत आणि अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘डोया’ म्हणजे डोळा. हा शब्द मांडला तर अर्ध्या मिनिटात कोणीतरी ओळखतो. अनोळखी दिसणाऱ्या शब्दात ‘य’ असेल तर तिथे ‘ळ’ घालून एकदा मोठ्याने म्हणून बघा.

मग ज्यांच्या पोटातच अर्थ दिसतो ते शब्द काढा. ‘चुलवाण’ हा गुऱ्हाळातल्या मोठ्या चुलीचा फार छान शब्द, पण त्यात चूल उघड दिसते. कोल्हापुरात तीन रस्ते मिळतात त्या जागेला ‘तिकटी’ म्हणतात. त्यातला ‘ति’ हुशार माणसाला पुरतो. नाटक-मालिकांमुळे सगळ्यांना ठाऊक झालेले शब्दही जातात. ‘झील’, ‘चेडू’, ‘गजाली’ यांना आता कोणी फसत नाही.

उरतात ते दोन जातींचे.

एक, पूर्ण बंद शब्द. ऐकून काहीच हाती लागत नाही असे. ‘व्हकल’ म्हणजे मालवणीत नवरी मुलगी. ‘कुणगा’ म्हणजे कोकणात भातशेतीचा लहान तुकडा. ‘परडं’ म्हणजे घरामागची मोकळी जागा. ‘आंडोर’ म्हणजे अहिराणीत मुलगा. ‘माळवं’ म्हणजे दक्षिण महाराष्ट्रात भाजीपाला. ‘कोरड्यास’ म्हणजे भाकरीबरोबर तोंडी लावायला असते ते.

दोन, दुतोंडी शब्द. प्रमाण मराठीत एक अर्थ, बोलीत दुसराच. ‘सांबार’ म्हटले की पुण्या-मुंबईकडच्याला इडली आठवते. विदर्भात ती कोथिंबीर. ‘सडा’ म्हटले की शेणाचा किंवा प्राजक्ताचा. कोकणात जांभ्या दगडाचे उघडे पठार. ‘वावर’ म्हणजे विदर्भ-खानदेशात शेत, ‘धुरा’ म्हणजे विदर्भात शेताचा बांध. हे शब्द फार गोड आहेत, पण बैठकीत दोनच ठेवा. तिसऱ्याला लोक सावध होतात आणि ओळखीचा अर्थ सोडून बाकी काहीही खरे मानतात.

(वर दिलेले शब्द तुम्ही आता वाचले आहेत. ते मांडाल तेव्हा सूत्रधार तुम्हीच व्हा.)

सावधान: जातीवाचक, शिवीचे, कोणाच्या अंगावरच्या व्यंगाचे शब्द कितीही रंजक असले तरी घेऊ नका. आणि बैठकीत कोण येणार आहे ते पाहून शब्द ठरवा. सावंतवाडीचे दोघे असतील तर मालवणी शब्द त्या दिवशी नकोत.

३. खऱ्या अर्थाची चिठ्ठी

सर्वांत जास्त चुका इथे होतात.

कोशातला अर्थ जसाच्या तसा उतरवला की तो जुन्या छापील भाषेमुळे वेगळा पडतो. मोल्सवर्थमधून घेतला तर भाषांतराचा वास येतो. आणि सूत्रधाराला खरा अर्थ माहीत असल्याने तो नकळत जास्त काळजीपूर्वक लिहितो: तीन उपयोग, दोन छटा, वर उदाहरण. खेळाडूंच्या चिठ्ठ्या एका ओळीच्या आणि ही चार ओळींची. मग काय लपणार?

म्हणून खरा अर्थ तुमच्या भाषेत, ६ ते १२ शब्दांत, एकाच ओळीत पुन्हा लिहा. शेवटी क्रियापद नको. ‘वाकळ’साठी ‘जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेले जाड अंथरूण’ एवढे बास. ‘असे म्हणतात’, ‘एक प्रकारचे’, ‘ग्रामीण भागात’ ही शेपटे कापा. हीच लांबी आणि हाच साचा खेळाडूंनाही सुरुवातीला सांगा.

आता लिंग. मराठीत खेळताना याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. शब्द नाम आहे की क्रियापद, आणि नाम असेल तर पुल्लिंगी, स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, हे सूत्रधाराने शब्दाबरोबरच जाहीर करायचे. नाहीतर ‘परडं’साठी कोणी ‘रागीट बाई’ लिहितो आणि ती चिठ्ठी वाचताक्षणी बाद होते. लिहिणाऱ्याचे श्रम फुकट जातात.

लिंग कानावर ठरवू नका, वहीतून पाहा. मालवणीत प्रमाण मराठीतले ‘आ’कारान्त पुल्लिंगी शब्द ‘ओ’कारान्त होतात, कुणगा तिथे ‘कुणगो’ होतो. आणि ‘खळं’ होते ‘खळा’, म्हणजे अंगण. पुण्याच्या माणसाला ‘खळा’ पुल्लिंगी वाटतो, असतो नपुंसकलिंगी. दुतोंडी शब्दांत तर लिंग हाच पुरावा असतो. ‘त्याचा वावर’ पुल्लिंगी, पण ‘माझं वावर’ नपुंसकलिंगी. जबाबदारीची ‘धुरा’ स्त्रीलिंगी, शेताचा ‘धुरा’ पुल्लिंगी. लिंग जाहीर झाल्यावर जो खेळाडू क्षणभर थांबतो, त्याला काहीतरी कळलेले असते. हे असे कळणे मला फसवण्याइतकेच आवडते, म्हणून लिंग लपवून ठेवायच्या मी विरुद्ध आहे.

तपासणी: चिठ्ठी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. खरा अर्थ माहीत नसता तर ती तुम्हाला थाप वाटली असती का? वाटली असती, तर चिठ्ठी तयार आहे.

४. बैठक मांडणे

कागद एकाच वहीचे, घड्या सारख्या. प्रत्येक फेरीत एक सूत्रधार. फेरी संपली की डावीकडच्याकडे. सहा जण असतील तर सहा फेऱ्या. एका फेरीला दहा-बारा मिनिटे लागतात. मोबाइल मधल्या टेबलावर पालथे.

सुरू होण्याआधी एक नियम मोठ्याने सांगा: शब्द ओळखीचा असेल तर तोंडाने बोलायचे नाही. ‘अरे, हा तर आमच्याकडचा!’ या चार शब्दांनी फेरी मरते. ज्याला अर्थ माहीत आहे त्याने तोच चिठ्ठीवर लिहून द्यावा. त्याचे गुण त्याला मिळतात, ते पुढे सांगतो.

५. खोटा अर्थ लिहिणे

यासाठी चार मिनिटे द्या. दोन मिनिटांत लोक पहिला सुचलेला अर्थ लिहितात, आणि पहिला सुचलेला अर्थ सगळ्यांना तोच सुचतो.

उदाहरण घ्या: ‘आगोट’, स्त्रीलिंगी, कोकण. ऐकताच डोक्यात ‘आग’ येते. मी हा शब्द मांडला तेव्हा सहापैकी चौघांनी विस्तवाचे अर्थ लिहिले: शेकोटी, शेगडी, होळीची राख, चुलीतले निखारे. खरा अर्थ पावसाळ्याच्या तोंडाचे दिवस. चार आगींमध्ये एक पाऊस! सगळ्यांची बोटे तिकडेच वळली. आगोट जवळ आली की कोकणात लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मसाला यांची भरणी होते. इतका भरलेला शब्द, आणि तो फेरीत अर्धा मिनिटही टिकला नाही.

तेव्हा शब्दाचा कानाला येणारा पहिला नाद सोडून लिहा. वाकळ म्हणून वाकणे नको, परडं म्हणून परडी नको. अगदीच मोह झाला तर नाद वापरा, पण एक घर बाजूला सरकून.

आता एक पूर्ण फेरी पाहू. शब्द ‘मांगर’, पुल्लिंगी, सिंधुदुर्गाकडचा. आलेल्या चिठ्ठ्या अशा:

– नांगराचा फाळ घट्ट बसवण्याची लाकडी पाचर
– लोक ज्याला फार घाबरत असत असा एक मोठा भयंकर प्राणी
– लग्नात वराच्या मामाला द्यायचा मानाचा नारळ
– खाडीच्या चिखलात सापडणारा लांब तोंडाचा मासा
– शेतावर गुरे व अवजारे ठेवण्यासाठी बांधलेले खोपट

दुसरी चिठ्ठी कोणालाच पटली नाही. ‘फार’, ‘मोठा’, ‘भयंकर’ ही विशेषणे खरा अर्थ लिहिताना कोणी वापरत नाही. खऱ्या अर्थाला स्वतःचे वजन असते, त्याला जोर लावावा लागत नाही. पहिली ‘नांगर’च्या यमकावरून आली हे कळते, तरी पाचर इतकी नेमकी आहे की एक मत मिळाले. तिसरीला दोन मते पडली. मामा, वर, नारळ, मान: चारही गोष्टी ओळखीच्या, पण त्यांची जुळणी कोणी मुद्दाम करेल असे वाटत नाही. चांगली थाप अशीच असते. तिच्यात एक निरुपयोगी, पण अगदी ठरावीक तपशील असतो. ‘एक नारळ’ लिहिले असते तर कोणी ढुंकून पाहिले नसते.

खरा अर्थ शेवटचा. लिंगाकडे बघणाऱ्या एका खेळाडूने तो मुद्दाम सोडला, कारण ‘खोपट’ नपुंसकलिंगी आणि शब्द पुल्लिंगी. ही चूक नवशिक्यांकडून हमखास होते. अर्थ सांगणाऱ्या शब्दाचे लिंग मूळ शब्दाशी जुळलेच पाहिजे असे नाही. लिंगाचा खरा उपयोग माणसे आणि जनावरे यांच्या बाबतीत, आणि दुतोंडी शब्दांत.

थाप कुठे शोधायची? अवजारांचे भाग, गुरांचे आजार, लग्नातले लहान मान, भांड्यांची झाकणे, जमिनीचे प्रकार, वाऱ्यांची नावे, जळलेल्या अन्नाची खरवड. बोलीतले खरे शब्द याच कोपऱ्यांत राहतात, म्हणून खोटेही तिथेच खपतात. प्रेम, दुःख, आठवण असल्या मोठ्या भावनांचे अर्थ लिहू नका. ‘संध्याकाळी एकटेपणाची लागणारी हुरहूर’ वाचायला सुंदर वाटते, पण फसत कोणी नाही.

सावधान: हसवण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी एखाददुसरी चालते. सगळेच विनोद करू लागले की उरलेला एकमेव सरळ अर्थ खरा, हे लहान मूलही सांगेल.

६. वाचन आणि मत

सूत्रधाराने सगळ्या चिठ्ठ्या आधी मनात वाचून घ्याव्यात. अक्षर लागले नाही तर चिठ्ठीवाल्याला बोलावून कानात विचारावे. ‘हे काय लिहिलंय?’ असे सगळ्यांसमोर विचारलेत तर ती चिठ्ठी खोटी हे जाहीर झाले. मोठ्याने वाचताना अडखळले तरी तेच होते. आपल्या हाताने लिहिलेला खरा अर्थ तेवढा सफाईने वाचला जातो.

शुद्धलेखनाच्या चुका वाचताना आपोआप सुधारतात, पण वाक्य अर्धवट असेल तर ते इतरांच्या साच्यात बसवून वाचा. अर्थ बदलायचा नाही, फक्त शेपूट कापायचे.

खरी चिठ्ठी कितवी वाचायची? सवयीने बहुतेक जण ती मधे खुपसतात, आणि हे दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या लक्षात येते. म्हणून चिठ्ठ्या वाडग्यात टाकून हाताला येईल त्या क्रमाने वाचा. दोनदा वाचा. दुसऱ्या वेळी प्रत्येकीला आकडा द्या.

मत देताना सगळ्यांनी एकदम बोटे दाखवायची. एकामागून एक विचारलेत तर तिसऱ्यापासून पुढचे सगळे आधीच्यांच्या मागे जातात. स्वतःच्या चिठ्ठीला मत नाही.

उलगडा करताना घाई नको. शून्य मतांची चिठ्ठी आधी, मग चढत्या क्रमाने खोट्या, खरी सगळ्यात शेवटी. प्रत्येक थापेचा लेखक त्याच वेळी हात वर करतो.

७. गुण

खरा अर्थ ओळखला: २. तुमच्या थापेला पडलेल्या प्रत्येक मताला: १. कोणालाच ओळखता आला नाही: सूत्रधाराला ३.

चिठ्ठीवरच खरा अर्थ लिहिला, माहीत असल्यामुळे किंवा अंदाजाने: ३. ती चिठ्ठी सूत्रधार गुपचूप बाजूला ठेवतो, वाचत नाही, आणि त्या खेळाडूचे मत त्या फेरीत मोजत नाही. मात्र बोट तर तो सगळ्यांबरोबर दाखवतो, कुठेही, म्हणजे इतरांना संशय येत नाही. दोघांनी खरा अर्थ लिहिला तर शब्द रद्द करून दुसरा घ्या. म्हणून प्रत्येकाकडे एक राखीव शब्द हवा.

‘जवळपास बरोबर’चा वाद होतोच. आमचा नियम असा: वस्तू तीच असेल तर बरोबर, फक्त जात तीच असेल तर नाही. वाकळेला ‘गोधडी’ लिहिले तर बरोबर, ‘कापड’ लिहिले तर नाही. निर्णय सूत्रधाराचा, आणि तो वाचनाआधीच घेतलेला असावा.

८. फेरी संपल्यावर

पुढच्या शब्दाकडे लगेच पळू नका. खरा अर्थ सांगितल्यावर शब्द कुठला, कोणाकडून मिळाला ते सांगा आणि एका वाक्यात वापरून दाखवा. त्या भागातले कोणी बैठकीत असेल तर वाक्य त्यांना बोलू द्या. शब्दाचा खरा सूर त्यांच्याच तोंडी कळतो.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. एकदा मी नात्यातल्या एका काकूंच्या माहेरचा शब्द त्यांना न विचारता मांडला. थापा रंगल्या, सगळे हसले, आणि खरा अर्थ कळल्यावर कोणीतरी ‘असं कोण बोलतं?’ म्हणाले. काकू बोलत होत्या. त्यांची आई बोलत होती. त्या नंतर पूर्ण बैठकभर गप्प बसल्या. तेव्हापासून नियम पक्का आहे: हसायचे ते थापेला, शब्दाला नाही. कोणाच्या घरचा शब्द असेल तर आधी त्यांना विचारायचे, आणि त्या फेरीचे सूत्रधारपद त्यांना द्यायचे. पुढच्या वेळी काकूंनी स्वतः चार शब्द आणले. एकही कोणाला ओळखता आला नाही.

खोट्या चिठ्ठ्या बैठक संपताच फाडून टाका. त्यांचे फोटो काढून गटांवर टाकू नका. चांगली थाप खऱ्यासारखी असते, आणि दोन-तीनदा पुढे ढकलली गेली की तीच अर्थ म्हणून फिरू लागते. घरात मुले खेळली असतील तर झोपण्याआधी त्यांना प्रत्येक शब्दाचा खरा अर्थ एकदा विचारून घ्या. मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा मामाचा नारळच राहिलेला असतो.

परगावच्या किंवा परदेशातल्या नातेवाइकांबरोबर व्हिडिओ कॉलवर खेळताना चिठ्ठ्या सूत्रधाराला खासगी निरोपाने पाठवा. सगळ्यांनी देवनागरीतच टंकावे. एकाने रोमन अक्षरांत लिहिले तर वाचताना सूत्रधार अडखळतो आणि चिठ्ठी उघडी पडते. बोटांऐवजी चिठ्ठीचा आकडा कागदावर लिहून एकदम कॅमेऱ्यासमोर धरा.

वहीत मात्र खरे अर्थ जपून ठेवा: शब्द, लिंग, ठिकाण, सांगणाऱ्याचे नाते, आणि किती जण फसले तो आकडा. ज्या शब्दापुढे शून्य लिहिले जाईल तो पुन्हा त्याच मंडळींत मांडू नका.